दस्तबस्ता

उदगीरला, कॉलेजच्या मागच्या खोलीत
आम्ही तिघं एका कागदाभोवती.
बोरनाळच्या करोडगिरी नाक्याचा पंचनामा,
फसली तेराशे सत्तावन्न, महिना खुर्दाद,
शाई बिब्ब्यासारखी काळी, अजून.

कॅसेटवर नागनाथअप्पा हुडगे सांगतात :
त्यांनी काठीला पांढरं धोतर बांधून वर केलं,
आमचा केरबा उठला की गोळी सुटली.
मग आमी कुणाला ठिवलं न्हाई.
मागं शेळी ओरडते. कुणीतरी म्हणतं, अप्पा, च्या.

कानगुले सर टेबलावर बोट आपटतात :
शरणागतीचं सोंग होतं. साक्ष आहे.
मी म्हणते, सर, लेबलावरची तारीख बघा,
अप्पा वारल्यावर नऊ दिवसांनी बोलतायत.
लेबल चुकलं असेल.
किंवा आवाज.
सर चष्मा काढतात. त्यांचा चुलता त्या रात्री नाक्यावर होता
हे मला माहीत आहे, हे त्यांना माहीत आहे.

आयर्लंडातही एका ओल्या रस्त्याला
असंच वळण आहे म्हणे.
लॉऱ्या, दबा, मध्येच 'शरण' अशी हाक.
ती तेव्हा ऐकली की मागाहून आठवली
यावर नातवंडांची पिढीही भांडतेय.
मी ते वाचलं तेव्हा अंगणात करडई वाळत होती,
तिथल्या एकाही गावाचं नाव नीट उच्चारता येईना,
भांडण मात्र ओळखीचं निघालं.

खाजामियाँ मास्तर इतका वेळ गप्प.
भिंग सरकवत एका शब्दावर थांबतात :
सात मयतांपैकी तिघं दस्तबस्ता.
म्हणजे?
हात जोडलेले.
सर मान हलवतात.
हात बांधलेले सुद्धा, मास्तर म्हणतात.
लफ्ज एकच आहे, बेटा.
दोरी होती का, ते लिहिणाऱ्यानं लिहिलेलं नाही.

लिहिणारा सरकारी होता, सर म्हणतात.
होता ना.
पण मयतांची नावं त्यानं बापासकट लिहिलीत.
आणि मास्तर वाचू लागतात :
महबूब वल्द शेख चाँद,
माणिक वल्द तुळशीराम...
माणिकपाशी सर म्हणाले, थांबा.
मग म्हणाले, नाही, वाचा.

तळटीप मी लिहायची ठरलं.
दोन्ही अर्थ द्यायचे, मध्ये 'किंवा'.
कुठला आधी,
यावर लाईट गेली तरी आम्ही बसून होतो.