शुद्धिपत्रक

डिसेंबरात सरकार येतं ट्रकमधून.
फायलींचे गठ्ठे, लाल फडकी, एक मोडकी फिरती खुर्ची.
आम्ही नागपूरचे कारकून उतरवून घेतो,
दोन आठवड्यांनी पुन्हा चढवून देतो.
वजन तेवढंच भरतं.

माझं टेबल शुद्धिपत्रकांचं.
"परिच्छेद चार, ओळ तिसरी:
'विधवा आणि निराधार' ऐवजी
'विधवा किंवा निराधार' असे वाचावे."
मसुदा माझा.
त्या एका 'किंवा'ला नऊ वर्षं लागली.
तीन सचिव बदलले, वित्त विभागाचा शेरा हरवला,
सापडला, पुन्हा हरवला.
सही झाली त्या दिवशी झिरो माइलजवळ
उभ्या उभ्या दोन प्लेट तर्री-पोहे खाल्ले.
कुणाला सांगणार होतो?

टेकडी रोडवर मोर्चा अडवलेला.
कठड्याला टेकून प्रमिला उईके, पारशिवनीची,
एका हातात चप्पल, दुसऱ्यात निवेदन.
मी मोठ्या हौसेनं तिला 'किंवा'ची गोष्ट सांगितली.
म्हणाली, "साहेब, तो किंवा झाला तवा
माही माय मरून चार वर्सं झालती.
आता शब्द-शब्द नोका देऊ.
पुरा कागदच फाडा न बाप्पा, नवा लिवा."

मी मान हलवली.
कारकुनाची मान कुठल्याही बाजूला हलते.

पण पुरा फाटलेला कागदही पाहिलाय मी.
एका रात्रीत पोर्टल आलं, सगळं एका बटणावर.
सकाळी यादीतून कामठीच्या विडीवाल्या बाया गायब:
पानं वळता वळता बोटांच्या रेषाच झिजलेल्या,
यंत्राला माणूस दिसेना.
मग त्यावर शुद्धिपत्रक. एक, दोन, अकरा.

आणि तरीही,
माझा बाप छप्पनच्या त्या अश्विनात
उसना पांढरा सदरा घालून मैदानावर गेला
आणि दुसराच माणूस होऊन घरी आला.
तिथं कुणी म्हटलं नव्हतं, अमक्याऐवजी तमके वाचावे.
फक्त त्याच्या सर्व्हिस बुकातला रकाना
बदलला निवृत्तीच्या आदल्या महिन्यात,
हिरव्या शाईत,
तोही एक ओळ खाली.

काल ट्रक गेले.
प्रमिलाचं निवेदन माझ्या ड्रॉवरमध्ये, घडीवर घामाचा डाग.
आवक क्रमांक टाकला की ते चालू लागेल,
माझ्याच चालीनं.

शिक्का हातात धरून बसलोय.
पॅडवरची शाई वाळत चाललीय.