मोरी

घाटावरच्यांना वाटायचं, भांडी घासायची जागा.
आम्ही म्हणत होतो तो मासा,
दात असलेला.
नाव इनासने ठेवलं, बर्फाच्या कारखान्यात,
अमोनियाने डोळे चुरचुरत असताना.
पहिल्याच बॅनरवर पेंटरने हौसेने
खाली एक नळ काढून दिला.
पैसे दिले होते. तसाच लावला.

तेव्हा आम्ही तिघं.
इनास फर्नांडिसकडे एक खरा ड्रम
आणि डिझेलचे दोन कापलेले डबे.
माझी गिटार म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातली.
बेसवर गुणाजी कुबल. त्याची जाड तार तुटली
तेव्हा त्याने गळाची तार ओवली
आणि सुरमई ओढावी तसा वाजवत राहिला.

तीन कॉर्ड यायच्या. चौथी शिकायला फुरसत नव्हती,
जेटीवर तेवढं भांडण चालू होतं.
एक गाणं पर्ससीनवाल्यांवर,
एक तहसीलदारावर,
एक इनासच्या भावोजींच्या स्कूटरवर.
सगळ्यात चांगलं तेच.

स्कूटरच्या तिसऱ्या ओळीला
पलीकडे कॉम्प्रेसर सुरू व्हायचा,
व्होल्टेज पडायचं,
अ‍ॅम्प्लिफायर आठ मात्रा मुका.
आम्ही माना खाली घालून थांबायचो.
मग धाड.
पुढे कुडाळच्या स्टुडिओत वीज सरळ होती,
तरी त्या जागी थांबलो.
रेकॉर्डिंगवाला म्हणाला, काय झालं?
कुणाला सांगता आलं नाही.

गुणाजी शिपवर गेला.
प्रणिता आली, माझ्याहून मोठ्याने ओरडली,
मी मुकाट्याने मागे सरकलो.
तिचं लग्न झालं असं लोक सांगतात.
खोटं. तिला कोल्हापुरात नोकरी लागली.
नंतर तातू, दशावतारातला,
तालमीला यायचा तो पहाटे,
कानामागे राक्षसाचा रंग तसाच.
मग गुणाजीचा धाकटा. मग धाकट्याचा कोण तो मित्र,
ज्याचं नाव सीडीवर चुकीचं छापलंय
आणि बरोबर काय होतं ते आता त्याच्याशिवाय कुणाला माहीत नाही.

सीडी तीनशे काढल्या, एकेचाळीस खपल्या.
बाकीच्या दांडीवर, सुकत घातलेल्या बांगड्यांवर
दोरीला टांगल्यात.
कावळे बसत नाहीत.
आम्हाला घाबरणारं अखेर कुणीतरी मिळालं.

इनास आणि मी तुटलो ते अकराशे रुपयांवरून,
कॉलेजच्या गॅदरिंगचे.
हिशेब त्याचा बरोबर होता.
चौदा वर्षं बोललो नाही.
पाव मात्र त्याच्याच बेकरीतले येतात घरी,
बायको आणते, मी विचारत नाही.

मग मला महावितरणात लागलं, लाइनमन.
डाव्या कानात शिट्टी राहिली.
अ‍ॅम्प्लिफायर पोरांना दिला,
नाव मागितलं नव्हतं त्यांनी,
तेही घेऊन गेले.

परवा त्यांचा कार्यक्रम होता, जुन्या लिलाव शेडमध्ये.
दारावरचा पोरगा म्हणाला,
काका, पन्नास रुपये. खुर्ची नाय हा,
उभ्यानच बघूचा लागतला.
दिले.
बॅनरवर नळ होता. आता तर थेंबही काढलाय.

चौघं. एकही आमच्यातला नाही,
आमच्यातल्याच्या ओळखीचाही नाही.
एक मुलगी ड्रमवर, मनगटं रापणकरणीसारखी.
पर्ससीन गायले, शब्द बदलून.
तहसीलदार नवा.
मग स्कूटर.

तिसऱ्या ओळीला सगळे थांबले.
माना खाली.
शेडमधली पोरंही गप्प, मोबाइल वर धरलेले,
जणू इथे काहीतरी असतंच.
कारखाना बंद होऊन नऊ वर्षं झाली,
तिथे आता रिसॉर्टचं पार्किंग.

मी मोजत होतो.
चार. पाच. सहा.
सहावर पोरं आत शिरली.
चुकली नाहीत, चौघं एकदम शिरली,
त्यांचं यंत्र बहुतेक लवकर सुरू होतं.

आणि आठव्याला, उशिरा,
त्या गदारोळात,
मागे भिंतीजवळ एक टाच आपटली.
पिठाने पांढरी झालेली चप्पल.

दोन टाचा.
दुसरी माझी.