शंभरातले नऊ

शंभर म्हणाला होता मेस्त्रींचा ओंकार
नवी लाइन ओढली त्या दिवशी.
काटा नऊवर चढतो, बसतो तिथेच,
निवतीच्या वाळूत रुतल्या होडीसारखा.

राउटर बंद केला, चालू केला.
कपाटावर ठेवला, मग फ्रिजवर,
मग तुळशीकडच्या खिडकीत.
नऊ.
मस्कतहून सुलू गोठते अर्ध्या वाक्यात,
तोंड उघडं: "आई, गुडघ्याचं क—"

शेवटी वायरीमागोमाग चालत गेले, पार खांबापर्यंत.
रातांब्याच्या फांदीआड
तांडेलकाकूंनी तिलाच दोरी आवळून
वाळत टाकला होता ओला पाग.
"घट आसा गो!"

"काच आहे आत, काकू. उजेड जातो त्यातून.
मुडपली की सांडतो."

त्यांनी गाठ सोडली. हळू,
बाळाच्या मुठीतून केस सोडवावा तशी.

ब्याण्णव.

सुलू आली, अख्खी.
गुडघ्याचं विचारायचं मात्र विसरली.