तीन वाजून दहा

माउरिसियो,
हे कागदावर लिहितेय, कारण पडद्यावरचं
उद्या सकाळी जागेवर असेलच
याची मी हमी देत नाही.

संध्याकाळपासून कोपऱ्यात निळी चौकट येऊन बसलीय:
नवं सॉफ्टवेअर आलंय, तीन वाजून दहा मिनिटांनी
संगणक आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होईल.
खाली ‘नंतर’ असं बटण आहे.
मी तीनदा दाबलं. चौथ्यांदा ते फिकं पडलं,
दाबलं तरी दबेना.

तर ऐक.
पावणेतीनला सगळ्या टाक्यांचे आकडे वहीत उतरव.
प्राणवायू, तापमान, पाण्याचा ओघ.
पेन्सिलनेच, चिलोएच्या या दमट हवेत शाई फुटते.
सात नंबरचं यंत्र थोडं खोटं बोलतं,
तिथे कोपरापर्यंत हात घाल. हाताला कळतं.
मग पंपांचा खटका ‘आपोआप’वरून ‘हाताने’वर.
जड आहे. रोसामेल तो ओढताना
देवाचं नाव आणि शिवी एका दमात घ्यायचा,
तुला जे जमेल ते घे.
उघड्या फायली मिटव. जतन करायचं का, विचारेल.
घाईत बोट ‘नाही’वर जातं.
सगळ्यांचंच जातं.

दोन वर्षांमागे, ऑगस्टात,
मी चहाचं पाणी ठेवायला गेले होते.
परतले तर पडदा काळा,
आणि पंप हुकमाची वाट बघत गप्प.
एकोणीस मिनिटं.
चार नंबरची अख्खी टाकी, बोटाएवढी पिल्लं,
पोटं वर करून.
मग संगणक उठला
आणि ‘सुस्वागतम’ म्हणाला.
त्याला काही म्हणजे काही झालं नव्हतं.

जाळीने मेलेली काढताना
रोसामेल एवढंच बोलला,
‘त्याने सांगितलं होतं गं, एर्सिरा.
नंतर म्हणालो ते आपण.’
डिसेंबरात त्याने नोकरी सोडली. कारण विचारू नकोस,
मीही विचारलं नाही.

आता एक सांगते, हसू नकोस.
त्या मिनिटांची मी हल्ली वाट बघते.
तयारी झालेली असते, वही मांडीवर,
पडदे एकामागून एक विझतात
आणि खोलीतला निळेपणा ओसरला की
खिडकीला एकदम पलीकडचं दिसायला लागतं:
आचाओच्या धक्क्यावरचे दोन दिवे,
एखादी होडी, जी तिथे रात्रभर होतीच.
टाक्यांतून बारीक सळसळ येते,
ओल्या हातांनी कुणी कागद चुरगळावा तशी.
आठ वर्षं मी ती पंपांचीच समजत होते.

पडदा परत आला की परवलीचा शब्द मागेल.
तो मी इथे लिहिणार नाही,
तुला ठाऊक आहे.
आकडे वहीशी ताडून बघ, मगच खटका खाली.

पिशवीत उकडलेले बटाटे आहेत, दोघांपुरते.
मीठ घरीच राहिलं.
ते कुठे लिहून ठेवलं नव्हतं.