पाणसळ

रौमाच्या गोदीत तीस वर्षं
वेइक्कोने लोखंड सांधलं.
आता दोनशे चाळीस लिटरची टाकी
स्वयंपाकघरात कोरडी पडून,
आणि तो म्हणतो, स्टँड लाकडाचा करू.

राइली हसते. तू? लाकूड?
पाण्याने फुगेल ते.
फुगू दे.
लोखंड मोडताना बोलत नाही,
लाकूड आधी कुरकुरतं तरी.

पाइनच्या जाड फळ्या, वार्निशचे तीन हात.
टाकी चढली. पाणी भरलं.
काठाशी पाहिलं तर
खिडकीकडे बोटभर जास्त.

वेइक्को गुडघ्यांवर. गुण्या लावतो,
पुन्हा लावतो.
स्टँड काटकोनात.
घरच कललेलं, समुद्राच्या बाजूला,
कोण जाणे कधीपासून.

सांडलेले कांदे नेहमी त्याच कोपऱ्यात सापडतात,
राइली म्हणते,
आणि बादली पुढे करते.