पकड

तळवलीच्या पुलावर, तिसऱ्या गिअरमध्ये,
पाय दाबला तसा काटा साडेपाच हजारांवर उडाला
आणि गाडी तिथल्या तिथे, आपल्या चालीनं,
जसा तो आवाज शेजारच्याचा असावा.
मग तो वास.
शलाकानं विचारलं, "कुणाची नखं जळतायत?"
मी काच खाली केली. बाहेर केमिकलचे कारखाने होते,
त्यांच्यावर ढकलता आलं असतं.

आधीच्या मालकानं हिच्या मेंदूत काहीतरी लिहून
दीडशेचे दोनशे घोडे केले होते.
घोडे वाढवले, लगाम तोच ठेवला.
आणि मी ते ऐकूनच तर घेतली होती,
भिशी लागली त्या महिन्यात.

आता पाकिटात एक्केचाळीस हजार.
परदेशी सिरॅमिक प्लेट, सहा पाकळ्यांची,
फोटोत पितळी फुलासारखी:
साठ, वर कस्टम ड्यूटी, वर फ्लायव्हील.
पाच रात्री तिच्याकडे बघत झोपलो.
तुर्भ्याला इस्माईलचाचा जुन्याच प्लेटवर
नवं अस्तर ठोकून देतात, साडेचार हजारांत.
"ट्रक ओढतो, तुझी नाही ओढणार?"
खरं होतं. पण ट्रकला दोनशे घोडे
अंगात आल्यासारखे एकदम येत नाहीत.

रबाळ्याच्या शेडमध्ये मढवींचे फक्त पाय दिसत होते.
गाडीखालून प्रश्न आला,
"गारी शर्यतीन धावते का हापिसान जाते?"
मी म्हणालो, दोन्ही.
ते बाहेर आले. हात पुसले. एक बॉलपेन दिलं.
"आठवडाभर मोज. डावा पाय किती येला दाबलास."

मोजलं.
ऐरोली ते महापे, सोमवारी जाताना एकशे दहा,
येताना एकशे बेचाळीस.
बुधवारी टँकर उलटला होता, मोजणं सोडून दिलं.
शुक्रवारी घणसोली नाक्यावर आकडा विसरलो
तर मागच्या सीटवरून स्पृहा म्हणाली,
"एकशे सदतीस, बाबा."
आणि रविवारी पहाटे पाम बीचवर,
ज्याच्यासाठी हे सगळं:
अकरा.

वही मिटवली तेव्हा चहावर साय धरली होती.
अंथरूण पाहून पाय, म्हणतात.
इथं पाय पाहून अंथरूण शिवायचं होतं.

प्लेट कंपनीचीच, नेहमीच्या अस्तराची.
वरचं झाकण हिच्या थोरल्या डिझेल बहिणीचं,
बोल्टांची भोकं जुळतात, स्प्रिंग जरा कडक.
फ्लायव्हील लेथवर घासून.
बेअरिंग जुनंच चालेल का, मी हळूच विचारलं.
"गिअरबॉक्स उतरवाला माझे आठ तास जातान.
दीड हजारासाठी परत उतरवाची हाय?"
मग बेअरिंग. मग मागचं तेलाचं सील.
सदतीस हजार आठशे.
उरलेल्यात मिक्सरचं भांडं आलं.

जुनी प्लेट त्यांनी माझ्या हातात दिली,
काळी, रिव्हेटांपर्यंत झिजलेली, इतकी गुळगुळीत
की अंगठा ठरेना.
घरी आणली. का, ते शलाकानं विचारलं नाही.
गॅलरीत तुळशीच्या कुंडीखाली ती आता बरोब्बर बसलीय.

"पाचशे किलोमीटर दाबाची नाय."

म्हणून या रविवारी, साडेपाचला,
पाम बीच रिकामा, सिग्नल नुसते पिवळे लुकलुकत,
दोनशे घोडे चाळिशीत.
डावा पाय नव्यानं शोधतोय, नेमकं कुठं पकडतं.
जुना अगदी वर, शेवटी शेवटी पकडायचा,
हा मध्येच, न सांगता.
नेरुळच्या वळणावर एका पेपरवाल्याची स्कूटी,
पायाशी गठ्ठा, कानाला मफलर,
मला ओलांडून गेली.
त्यानं मागं वळून गाडीकडं बघितलं, मग माझ्याकडं.
मी हात केला.
चारशे बासष्ट उरले.