शेपटाकडनं पाणी

ब्रशनं दगड धुतला, ओला कागद बसवला,
ठोकत ठोकत अक्षरांत घातला,
मग शाईची गादी.
कासारीच्या काठची शिळा, कोल्हापुरापासून दीड तास.
वर चंद्र-सूर्य, खाली नेहमीचं गाढव,
शापाचं.

पहिल्या सात ओळी नुसती बिरुदं:
शनिवारसिद्धी, गिरिदुर्गलंघन,
शत्रूंच्या हत्तींना सिंह, याचकांना कल्पवृक्ष.
असले सिंह मी आजवर चाळीस तरी छापले असतील.
सगळ्यांचे हत्ती सारखेच पळतात.

आठव्या ओळीत नाव यायला हवं होतं.
तिथं दगड खोलगट, गुळगुळीत,
तळहातासारखा.

नवव्यात एकदम साधं बोलणं.
तळ्याचं पाणी आधी शेपटाच्या रानाला,
मग वर वर चढत, तोंडाशी शेवटी.
जो हे मोडील, त्याचं काय होईल
ते गाढव दाखवतंच.

रायगोंडा चौगुले बांधावर बसून बघत होता.
त्याचं रान तळ्याच्या तोंडाला.
पाणी डोळ्यांदेखत खाली जातं रात्रभर
आणि हा बॅटरी घेऊन आपल्या पाळीची वाट बघतो.
"आज्जा बसला, पणजा बसला.
राजाला चार शिव्या दिल्याबिगर
आमच्या घरात कुणाला झोप न्हाई."
कोणत्या राजाला?
"कोणत्या म्हंजे? राजाला."

मग नेम मोडला नाही कुणी?

तो गाढवाकडं बघून हसला. मग हसायचा थांबला.
"चुलत्यानं मोडला हुता. बहात्तरच्या दुष्काळात.
शेपटाला आक्कूबाईचं पाच गुंठं.
बोलली न्हाई काय. येऊन नुसती उभारली,
हातात मिरचीचं वाळकं रोप.
चुलत्यानं आपल्या हातानं दारं मोडलं,
पाणी खाली सोडलं.
गाढवाला भ्याला नव्हता त्यो."

कागद वाळत आला. अलगद सोलला.
काळ्यावर पांढरी अक्षरं,
मधे पांढरंच एक डबकं.
नोंदवहीतला रकाना: राजाचे नाव.
लिहिलं, झिजलेले.

"कशानं झिजलं म्हणायचं?" मी विचारलं.

रायगोंडानं कमरेचा विळा काढला,
दगडावर पाण्याचा हबका मारला
आणि बरोबर त्या खोलगट जागी
धार लावायला बसला.